उल्कान आपाचे तास

पेरिझातला पाठवलं होतं दोन दिवसांसाठी. सोमवारी खिंड ओलांडून केरमे गावात जायचं, मंगळवारी कारखान्याचे कागद बघायचे, बुधवारी परत, आणि शुक्रवारी अहवाल खात्यातल्या साहेबाच्या, झाकिप अगायच्या टेबलावर. म्हणून तिने पिशवीत एकच जादा स्वेटर टाकला होता. सोमवारी दुपारी ती गाडीतून उतरली आणि चारच्या सुमाराला खिंडीत बर्फाचा कडा कोसळून रस्ता बंद झाला. मार्चमध्ये असं होतंच. गावात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. कारखान्याचा संचालक काचकिनबाय तर चक्क खूश दिसला.

"आता निवांत बघा सगळं," तो म्हणाला. "आठ-दहा दिवस तरी तुम्हाला कुणी घाई करणार नाही, करिंदाश."

पहिल्याच भेटीत त्याने तिला धाकटी बहीण करून टाकलं. पेरिझातच्या मनात आलं, उद्या हा काही मागेल तेव्हा नाही म्हणणं जड जाणार.

काम तसं सरळ होतं. खोऱ्यातल्या एकशे चाळीस पंपांच्या मोटरी दरवर्षी जळतात, त्या नव्या तारेने पुन्हा भरून द्यायचं आठ वर्षांचं काम खात्याला एकाच कंपनीला द्यायचं होतं. दोन अर्ज आले होते. एक राजधानीतल्या चार वर्षं जुन्या कंपनीचा. तिचा दर कमी होता. दुसरा केरमे मोटर कारखान्याचा, ज्याला त्रेचाळीस वर्षं झाली होती आणि ज्याचा दर जास्त होता. पण केरमेच्या अर्जात काचकिनबायने लिहिलं होतं: आमच्या अनुभवाला तोड नाही, काम जसं वाढतं तसे आमचे तास कमी होत जातात, आठ वर्षांच्या हिशेबात आम्हीच स्वस्त पडू. हे खरं आहे की नुसती बढाई, एवढंच पेरिझातने तपासायचं होतं. बावीस वर्षं ती खात्यात असेच दावे तपासत आली होती. बहुतेक वेळा ती बढाईच निघायची.

राहायची सोय कारखान्याच्या माडीवर होती. खोलीला एकच खिडकी, आणि तीही बाहेर नव्हे, आत, खालच्या दालनात उघडणारी. खाली मोटरी भरायचं काम चाले. सकाळी डोळे उघडले की वार्निशचा वास नाकात शिरायचा आणि बायकांचं बोलणं ऐकू यायचं.

मंगळवारी काचकिनबायने पत्र्याच्या अठरा पेट्या आणून ठेवल्या. प्रत्येक मोटरीमागे एक चिठ्ठी: मोटर कुठली, कुणी भरली, किती तास लागले, परत आली का. पहिल्या दिवसापासूनची एकही चिठ्ठी या लोकांनी फेकली नव्हती. पेरिझातला बरं वाटलं. चिठ्ठ्या थापा मारत नाहीत असा तिचा अनुभव होता, निदान चाळीस वर्षं सलग तरी नाही.

तिने बेरजा मांडायला घेतल्या. पहिल्या पाचशे मोटरींना सरासरी बासष्ट तास लागले होते. एकूण आकडा हजारावर गेला तेव्हा पन्नास. दोन हजारांवर चाळीस. चार हजारांवर बत्तीस. म्हणजे काम दुप्पट झालं की दर खेपेला तास पाचव्या हिश्शाने उतरले होते, जिना उतरावा तसे. तिने दोनदा ताडून पाहिलं. काचकिनबाय खोटं बोलत नव्हता.

बुधवारी तिने उरलेल्या पेट्या उघडल्या. आठ हजारावी मोटर गेल्या वर्षी झाली होती. हिशेबाने तिथे पंचवीस-सव्वीस तास यायला हवे होते. आले बत्तीसच. चार हजारांपासून आठ हजारांपर्यंत, चोवीस वर्षं, कधी एकतीस, कधी तेहतीस, पण मुक्काम बत्तीसावर. जिना तिथेच संपला होता.

"असं का?" तिने काचकिनबायला विचारलं.

तो चहात साय ढवळत होता. "यंत्रं जुनी झाली. तार महाग झाली. लोक गेले."

"तारेच्या भावाने तास कसे वाढतील?"

"तुम्ही जेवलात का?" तो म्हणाला. "बायकोने मटण परतून कुर्दाक केलाय. तुमच्यासाठीच केलाय."

जेवण उत्तम होतं. नंतरही रोज उत्तमच होतं, आणि दर जेवणाला कुणी ना कुणी नवं माणूस येऊन बसायचं. एक दिवस शाळेची मुख्याध्यापिका, दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली नर्स. कुणी काही मागत नसे. "आमच्या गावात कारखान्याशिवाय दुसरं काही नाही," एवढंच म्हणायचे आणि ताटात मांसाचा आणखी एक तुकडा घालायचे. गुरुवारी पांढऱ्या दाढीचे तिघे तिच्या खोलीवर आले, भाकरी मोडली, तळहात उघडून तिला आशीर्वाद दिला आणि निघून गेले. दार बंद करून पेरिझात पलंगावर बसली. शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं, असं तिला वाटलं. रस्ता बंद, खिडकी आत उघडणारी, आणि वरून आशीर्वाद.

दुपारी झाकिप अगायचा फोन आला.

"कधी येतेयस?"

"खिंड उघडली की, अगाय."

"अहवाल फोनवरच सांग. अनुभवाने खर्च कमी होतो की नाही? समितीला एक शब्द पाहिजे. हो किंवा नाही."

"एका शब्दात बसत नाहीये."

"बसव. आणि हे बघ, तुझी नेमणूकही जूनमध्ये नव्याने ठरायचीय. उगाच गुंता करू नकोस."

गुंता तिने केलाच नव्हता, तो पेटीत होता. शुक्रवारी सकाळी तिला दोन हजार अकरा सालच्या चिठ्ठ्यांत तो सापडला. त्या शरद ऋतूत सहा आठवडे तास एकदम चढले होते. अट्ठेचाळीस, बावन्न, पंचावन्न. शिवाय दर तीन मोटरींतली एक पुन्हा जळून परत आली होती. मग सातव्या आठवड्यात पुन्हा बत्तीस. चिठ्ठ्यांवरची नावं मात्र तीच, आधीही तीच, नंतरही तीच.

ती चिठ्ठ्या घेऊन खाली गेली. दालनात आठ-दहा बायका आणि चार पुरुष कामाला होते. जळकी तार उपसणं, खाचा घासणं, कागद घालणं, नव्या तारेच्या गुंडाळ्या करणं, सगळं चालू होतं. पण एक गोष्ट तिला आज पहिल्यांदा दिसली. गुंडाळ्या तयार झाल्या की प्रत्येक मोटर एकाच टेबलाकडे ढकलली जात होती. टेबलामागे एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई बसली होती. डोक्याला करडा रुमाल, चष्मा कपाळावर. ती खाचांत गुंडाळ्या बसवत होती आणि बघत मात्र होती खिडकीकडे.

"काय शोधतेयस, पोरी?" तिने मान न वळवता विचारलं.

"दोन हजार अकराचा शरद."

बाई हसली. "पाय मोडला होता माझा. बर्फ नव्हता, काही नव्हतं, कोंबडीच्या मागे धावताना पडले. सहा आठवडे."

"चिठ्ठ्यांवर तुमचं नाव कुठेच नाही."

"चिठ्ठीवर मोटर उघडणाऱ्याचं नाव लिहितात. मी कुठे उघडते? मी बंद करते."

तिचं नाव उल्कान. वय एकसष्ट. कारखाना सुरू झाल्यावर दुसऱ्या वर्षी, एकोणिसाव्या वर्षी ती तिथे लागली. पेन्शनचं वय उलटून तीन वर्षं झाली होती. सगळं दालन तिला आपा म्हणायचं, आणि तिच्या टेबलावरून मोटर गेली नाही तर ती गावाबाहेर जात नसे.

पेरिझात तडक काचकिनबायच्या खोलीत गेली. यावेळी तिने चहा घेतला नाही.

"तुमच्याकडे त्रेचाळीस वर्षांचा अनुभव नाहीये," ती म्हणाली. "तुमच्याकडे उल्कान आपा आहे."

काचकिनबायने उठून दार लावलं. मग त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. टोपीशिवाय तो एकदम म्हातारा दिसला.

"मला काय माहीत नाही? तीन वेळा तिने सामान बांधलं, करिंदाश. तिन्ही वेळा मी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. एकदा माझ्या आईला घेऊन गेलो. तिचं नोकरीचं पुस्तक, ज्याच्याशिवाय पेन्शन सुरू होत नाही, ते त्या तिजोरीत आहे. कायद्याने द्यायला हवं, मी देत नाही. ती मागतही नाही. मागितलं तर द्यावं लागेल हे तिला माहीत आहे, आणि दिलं तर काय होईल हेही तिला माहीत आहे. साठ घरं आहेत या कारखान्यावर."

"मग दुसऱ्या कुणाला शिकवलं का नाही?"

"तिलाच विचारा."

तिने विचारलं. शनिवारी अर्धा दिवस काम, त्यानंतर उल्कानने तिला घरी नेलं. कारखान्याच्याच चाळीतल्या दोन खोल्या. चुलीवर दूध घातलेला चहा, ताटलीत तळलेले बोर्सोक, भिंतीवर तिच्यासारख्याच ठेंगण्या बाईचा फोटो.

"शिकवलं नाही कसं?" उल्कान म्हणाली. "अकरा जणांना शिकवलं. एकेकाला चार-चार वर्षं. हे बोटांत येतं, पोरी, कागदावर येत नाही. तार किती ताणायची, कुठे हात सैल सोडायचा. मी सांगू जाते तर माझंच मला चुकतं. शेजारी बसवावं लागतं. अकरा जण शिकले आणि गेले. इथे राहून करणार काय? कुणी रशियात, कुणी राजधानीत. मी कुणाला अडवलं नाही. मला अडवलं म्हणून मी दुसऱ्याला अडवू होय?"

पेरिझातने पिशवीतून राजधानीतल्या कंपनीचा अर्ज काढला. त्यांचे तास छत्तीस होते, चौथ्याच वर्षी. केरमेला तिथे पोचायला चौदा वर्षं लागली होती. हे तिला पहिल्यापासून खटकत होतं. अर्जाला कामगारांची यादी जोडलेली होती. तिने ती वाचून दाखवली. उल्कानने चष्मा खाली ओढला.

"हा एर्मेक माझा. ही सोनुन, ही पण माझी, डावखुरी, फार छान हात. आणि हा तिसरा... हा आळशी होता. पण शिकला तेवढा." ती हसली, आणि हसता हसता थांबली. "म्हणजे तिकडे स्वस्त होतंय तेही माझ्यामुळे, आणि इकडे होतंय तेही."

"हो."

"छान. म्हणजे मी स्वतःशीच कुस्ती खेळतेय."

फोटोतली बाई तिची धाकटी बहीण होती, तुर्सुन. इसिक-कूल तलावाच्या काठी राहायची, एकटी, जर्दाळूची बाग सांभाळून. सहा वर्षांपासून तिची नजर जात चालली होती. आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. दोघींचं ठरलं होतं, पेन्शन झाली की उल्कान तिच्याकडे राहायला जाणार.

"दर वर्षी म्हणते, फुलं आली की येते. ती म्हणते, कुठल्या वर्षीची फुलं ते सांग."

पेरिझातने हातातला बोर्सोक परत ताटलीत ठेवला. तिने कागद घडी करून ठेवले.

"आपा, मी 'हो' लिहिलं तर आठ वर्षांचं काम इथे येईल आणि तुम्ही इथेच. 'नाही' लिहिलं तर कारखाना बंद पडेल, तुम्ही मोकळ्या. तुम्ही सांगा, काय लिहू?"

उल्कानने तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच राग दिसला.

"हे ओझं माझ्या डोक्यावर ठेवतेस? साठ घरं आधीच बसलीत तिथे. तू तपासायला आलीस ना? मग जे दिसलं ते लिही. तुझं काम तू कर, माझं मला करू दे."

पेरिझातला शरम वाटली, पण आतून थोडं हायसंही वाटलं. खरं लिहायचं, सगळं लिहायचं. खरं सगळं समोर आलं की त्यातून काहीतरी वाट निघेल, असं ती बावीस वर्षं मानत आली होती.

रविवार आणि सोमवार तिने त्या खोलीत बसून अहवाल लिहिला. अनुभवाने या कारखान्याचा खर्च निम्म्यावर आला, हे खरं आहे. पण चोवीस वर्षांत तो आणखी उतरलेला नाही, कारण तो अनुभव एकाच कामगाराच्या हातात आहे, आणि एका माणसाच्या हातांना मर्यादा असते. ती कामगार नसेल तेव्हा खर्च जवळजवळ पहिल्यासारखा होतो. राजधानीतल्या कंपनीचा खर्च कमी आहे तोही इथेच शिकलेल्या लोकांमुळे. तेव्हा पुढची आठ वर्षं खर्च उतरत जाईल, हा कारखान्याचा दावा या घडीला टिकत नाही. शेवटी तिने लिहिलं: या कामगाराची निवृत्ती रखडलेली आहे, ती आधी मार्गी लावावी, आणि काम कुणालाही दिलं तरी शिकवायला चार वर्षं हातात धरावीत. उल्कानचं नाव लिहावं की नाही यावर ती तासभर अडली. नावाशिवाय समितीतलं कुणी विश्वास ठेवणार नाही असं वाटून तिने ते लिहिलं.

बुधवारी खिंड उघडली. निघताना काचकिनबायने तिला मधाची बरणी दिली आणि काय लिहिलं ते विचारलं नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात झाकिप अगायने तिला आत बोलावलं. तो चांगलाच खुशीत होता.

"तुझ्या अहवालाने काम सोपं केलं. समितीत वाहवा झाली. काम केरमेला दिलं."

"केरमेला? पण मी तर लिहिलं होतं..."

"तू लिहिलंस की ती बाई असली की बत्तीस तास, नसली की पन्नास. राजधानीवाल्यांचे छत्तीस. मग? बाई ठेवायची! करारात अट घातली आहे." त्याने कागद पुढे सरकवला. "वाच."

अट दोन वाक्यांची होती. कामगार उल्कान हिने पहिली पाच वर्षं कामावर राहण्याची लेखी संमती द्यावी. ती कामावरून गेल्यास करार रद्द समजण्यात येईल.

पेरिझातने ती वाक्यं तीनदा वाचली. आजवर त्या बाईला अडवायला शेजारीपाजारी होते, पांढऱ्या दाढ्या होत्या, तिजोरीतलं एक पुस्तक होतं. आता सरकारी शिक्का होता, आणि तो उमटला होता तिच्या अहवालावरून.

"अगाय, ती एकसष्ट वर्षांची आहे. तिची निवृत्ती रखडलीय, मी शेवटी लिहिलं होतं."

"वाचलं की. पण निवृत्ती हा समितीचा विषय नाही. खर्च हा विषय."

"मी अहवाल मागे घेते."

"खोटा होता का?"

"नाही."

"मग कसा मागे घेशील?" तो जरा मऊ झाला. "बस खाली. पाणी पी. कुणावर जबरदस्ती नाही, सही नको असेल तर करू नये तिने. आणि दर तीन महिन्यांनी कुणीतरी जाऊन तास तपासायचे आहेत. तुला सगळं माहीत आहे, तूच जा. तुझी नेमणूकही त्याच कामावर पाच वर्षांची केलीय. जूनची काळजी मिटली ना?"

संमतीचा कागद घेऊन तीच केरमेला गेली. दुसऱ्या कुणाच्या हातून तो जाऊ नये, एवढंच तिच्या हातात उरलं होतं. गावात बातमी आधीच पोचली होती. कारखान्याच्या अंगणात मेंढा कापला होता, कढया चढल्या होत्या, मुख्याध्यापिकेने नवा रुमाल बांधला होता. साठ घरांतली दोनशे माणसं तरी जमली असतील. मधोमध एक टेबल, टेबलावर पेन.

पेरिझात आधी दालनात गेली. उल्कान तिच्या जागेवरच बसली होती, हात मांडीवर.

"आपा, मला माफ करा. मी खरं लिहिलं. मला वाटलं..."

"काय वाटलं? खरं लिहिलं की दार उघडतं?" उल्कानच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "मलाही वाटलं होतं, पोरी. मी काय तुला उगाच लिही म्हटलं?"

"सही करू नका. कुणी जबरदस्ती करू शकत नाही. मी तुम्हाला आत्ता गाडीत घालून तलावाकडे नेते. पुस्तक मी काढून देते काचकिनबायकडून."

"बाहेर बघितलंस?"

"बघितलं."

"त्यातल्या निम्म्यांच्या जन्माला मी हजर होते. त्यांच्यामधून गाडी काढशील तू?"

बाहेर कुणीतरी कोमुझच्या तारा छेडायला लागलं होतं. उल्कान उठली, रुमाल नीट केला आणि अंगणात गेली. काचकिनबायने तिच्यासाठी खुर्ची मागे ओढली. त्याची नजर जमिनीला खिळलेली होती. तिने कागद वाचला नाही. सही केली, पेन टोपण लावून ठेवलं. लोकांनी जल्लोष केला. मेंढ्याचं मुंडकं तिच्या ताटात आलं, म्हाताऱ्या पाहुण्याच्या मानाचं. तिने त्याचा कान कापून रीतीप्रमाणे एका लहान पोराला दिला आणि दोन घास खाऊन उठली.

"आता एक काम तू कर माझं," तिने पेरिझातला बाजूला घेतलं. "तुर्सुनला फोन लाव. तू सांग. माझ्याच्याने होणार नाही."

कारखान्याच्या मागच्या भिंतीपाशी उभं राहून पेरिझातने फोन लावला. आपण कोण, काय लिहिलं, काय झालं, सगळं तिने न लपवता सांगितलं. पलीकडून कोंबड्या ऐकू येत होत्या.

"पाच वर्षं," अखेर तुर्सुन म्हणाली.

"हो, आपा."

"आणि ती तिथे आहे का शेजारी?"

"आहे."

"तिला सांग, ती लहानपणापासून अशीच. कुणी हाक मारली की चालली." मग तिने विचारलं, "तुझ्याकडे गाडी आहे म्हणालीस?"

"खात्याची आहे."

"मग मला ने तिकडे. बाग शेजाऱ्याला वाट्याने देते. मला आता झाडं दिसतात कुठे? इथे काय आणि तिथे काय, अंधार सारखाच. निदान तिच्याशी भांडता तरी येईल."

पेरिझातने उल्कानला सांगितलं. उल्कानने रुमालाचं टोक तोंडात धरलं आणि भिंतीकडे तोंड करून ती उभी राहिली. कितीतरी वेळ.

जूनमध्ये पेरिझातने तुर्सुनला आणलं. वाटभर तुर्सुन बोलत होती आणि खिंडीत हवा विरळ झाली तेव्हा गावालाच शिव्या देऊ लागली. चाळीपाशी दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि दहा मिनिटांत चूल कुठे असावी यावरून त्यांचं जुंपलं.

तास तपासायला पेरिझात दालनात गेली. यावेळी ती एक गोष्ट ठरवून आली होती. तिच्या सहीशिवाय तिमाहीचा कागद पुढे जाणार नव्हता, आणि उल्कान आपाच्या शेजारी दोन माणसं शिकायला बसल्याशिवाय ती सही करणार नव्हती. तसं तिने काचकिनबायला पत्राने कळवलंही होतं. आज टेबलाच्या दोन्ही बाजूंना दोन बायका बसलेल्या पाहून तिला बरं वाटलं. दोघी तिशी ओलांडलेल्या, दोघींना घरी मुलं. त्यांच्या हातांत तार होती आणि उल्कानचा हात त्यांच्या हातांवर.

"बघा, ऐकलं तुमचं," काचकिनबाय म्हणाला. त्याने फाईल उघडून दोन कागद दाखवले. "आणि यावेळी मी शहाणा झालोय. शिकतात आणि पळतात ना? मग आधीच लिहून घेतलं. शिकून झाल्यावर पाच वर्षं गाव सोडायचं नाही. दोघींनी सह्या केल्यात."

पेरिझातने ते दोन कागद पाहिले. वाक्यं ओळखीची होती. खात्याच्या करारावरून त्याने ती जशीच्या तशी उतरवली होती, फक्त नावं बदलून.

ती टेबलापाशी जाऊन उभी राहिली. दोघींतली नाझिक नावाची बाई मान वर न करता उल्कानला विचारत होती, "आपा, पाच वर्षं फार असतात का हो?"

उल्कानने तिची तार थोडी सैल केली.

"कामात बसलं की कळत नाहीत," ती म्हणाली. "म्हणून सांगते, मोजत जा. मी मोजली नाहीत. आता इथे बोट धर. ताणू नकोस. हं, अशी."